कुसुमच्या पाण्याचा चार्ट

संपादकांचं पत्र आलं, 'परिचारिकेच्या सेवाव्रतातल्या हृद्य आठवणी दिवाळी अंकासाठी लिहून द्या.' हृद्य म्हणे! तीस वर्षांवर नोकरी केली मी. व्रतबीत काही नव्हतं. ड्यूटी होती, पगार होता, आणि संध्याकाळी पायांचे गोळे दुखायचे. फराळाच्या ताटाशेजारी ठेवून वाचायला गोड काही हवं असेल, तर वाचकांनी सरळ पान उलटावं. मला एकच गोष्ट सांगायची आहे. ती आठवली की आजही माझी कानशिलं तापतात. कुणाकुणावर रागवायचं त्यांची नावं मी मनात मोजते, तेव्हा त्यात माझंही नाव येतं.

मी मूळची अकोल्याची. वडील जिनात कापसातली सरकी काढायचे रेचे चालवायचे. छप्पन साली आमच्या घरानं धम्म घेतला तेव्हा मी नागपूरला नर्सिंग शिकत होते. शिकून झाल्यावर अमरावतीला एका ट्रस्टच्या दवाखान्यात लागले. त्या दवाखान्याचं नाव लिहीत नाही. तिथले बरेच जण आता हयात नाहीत, आणि मेलेल्या माणसांशी भांडण्यात काही मजा नसते.

त्या दवाखान्यात छातीच्या रोग्यांचा एक वॉर्ड होता आणि त्याला लागून तीन स्पेशल खोल्या. त्यांचं काम माझ्याकडं. आमच्याकडं तेव्हा हृदयाचे रोगी यायचे ते बहुतेक तरुण. लहानपणी सांधे धरून ताप आलेला असायचा, घरच्यांना तो आठवतही नसायचा. त्या तापानं हृदयातली झडप चिकटून जायची. मग रक्त पुढं सरकेना. हृदयाची वरची खोली फुगायची, आणि फुगून फुगून शेवटी नीट आकसायची सोडून नुसती थरथरायला लागायची. अशा रोग्याची नाडी हाताला लागली की कळायचं. ठेका म्हणून नाही. दोन ठोके जवळजवळ, मग मोठा खंड, मग एक हलका, मग तीन पळत. ती मोजायला आम्ही दोघी लागायचो. एकीनं मनगट धरायचं, दुसरीनं छातीला नळी लावायची, आणि एकाच मिनिटात दोघींनी मोजायचं. छातीवर एकशे दहा भरायचे आणि मनगटावर ऐंशी. मधले तीस ठोके हृदयानं मारलेले, पण हातापर्यंत पोचलेच नाहीत.

हृदय असं ढिलं पडलं की पाणी साठतं. पायांवर, पोटात, फुप्फुसांत. म्हणून या रोग्यांचं निम्मं काम पाण्याचं. मीठ बंद. पाणी मोजून प्यायचं, लघवी मोजून ठेवायची. कागदावर दोन रकाने, आत किती गेलं आणि बाहेर किती आलं. तेव्हा सगळं औंसात चालायचं, आठ औंस म्हणजे साधारण पाव लिटर. मोठे डॉक्टर राउंडला आले की रोग्याच्या तोंडाकडं नंतर बघायचे, आधी चार्टकडं. रोगी खोटं बोलतो, चार्ट बोलत नाही, असं ते म्हणायचे. आम्हीही ते खरं धरून चालायचो.

लोकांना पाणी मोजायला शिकवणं हे मात्र दगडावर डोकं आपटण्यासारखं काम. वरूडचे एक बागाईतदार होते, संत्र्याचे मोठे व्यापारी. पोट घागरीएवढं फुगलेलं. त्यांना दिवसाला तीस औंस पाणी सांगितलं होतं. गडी शहाण्यासारखा मोजून प्यायचा, चार्ट अगदी चोख, आणि पोट मात्र रोज वाढतंय. एक दिवस चादर बदलायला गेले तर कॉटखाली सालींचा ढीग. मी विचारलं, "हे काय जी?"

"संत्रं हाय," ते म्हणाले. "घरचा माल. दिवसाकाठी आठ-दहा खातो."

"तुम्हाला पाणी मोजून सांगितलं होतं ना?"

"मंग? पाणी कुठं पेलो मी? संत्रं खाल्लं!" आणि वर माझ्याकडंच असं पाहिलं की जणू मलाच संत्रं आणि पाणी यांतला फरक कळत नाही. त्यांच्या बायकोनं त्याच दमात कबूल केलं, की ताक, वरण आणि पातळ भाजीही रोज चालू होती, कारण डॉक्टरनं 'पाणी' कमी करायला सांगितलं होतं, जेवण नाही.

तेव्हापासून मी ठरवून टाकलं की चार्ट बिघडला म्हणजे घरचे लोक चोरून पाजतात. दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. माझं ते फुंकणं एका पोरीला किती महागात पडलं ते आता सांगते.

साठ साल उलटून गेलं होतं. वैशाख लागलेला, आणि अमरावतीचा वैशाख काय असतो ते बाहेरच्यांना सांगून कळायचं नाही. स्पेशल खोलीत कुसुम नावाची मुलगी आली. वय तेवीस-चोवीस. अकोल्याच्या एका वकिलांची सून. तीन आठवड्यांपूर्वी मुंबईला तिचं हृदयाचं ऑपरेशन झालं होतं. त्या काळी हृदय बंद ठेवून, उघडून वगैरे शस्त्रक्रिया आपल्याकडं नवलाचीच होती. हिचं चालत्या हृदयावर केलेलं. डावीकडून बरगड्यांमधून आत जायचं, हृदयाच्या वरच्या खोलीला एक छोटा कानासारखा भाग असतो, त्याला भोक पाडायचं, त्यातून सर्जननं बोट आत घालायचं आणि चिकटलेली झडप बोटानं फाडून मोकळी करायची. मग तो कान बांधून कापून टाकायचा. ऐकूनच आमच्या अंगावर काटा यायचा. झडप मोकळी झाली होती, पण नाडीचा ठेका काही जाग्यावर आला नव्हता. मुंबईच्या डॉक्टरांनी पुढची देखभाल आमच्या मोठ्या डॉक्टरांकडं सोपवली होती.

मोठ्या डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन समजावलं. "सिस्टर, या ऑपरेशननंतर शरीर पाणी सोडायला तयार नसतं. मूत्रपिंडं हट्टाला पेटतात. प्यायलेलं आत राहतं. त्यामुळं चाळीस औंस, वर एक थेंब नाही. चार्ट डोळ्यांत तेल घालून ठेवा." ते म्हणाले ते खरंच होतं. असं का होतं ते तेव्हा त्यांनाही माहीत नव्हतं. पुढं मी निवृत्तीला आले तेव्हा एका तरुण डॉक्टरनं सांगितलं, की हृदयाची ती वरची खोली नुसती रक्त ढकलत नाही. ती ताणली गेली की 'पाणी सोडा' असा सांगावाही रक्तातून मूत्रपिंडांना धाडते, आणि कान कापला की तो सांगावा कमी पडतो. त्या वेळी मात्र आमच्या डोक्यात एकच पक्कं बसलं होतं, की हिचं शरीर पाणी धरून ठेवणार. लघवी कमी झाली की पाणी साठतंय. दुसरं कारण असू शकतं हे कुणाच्या मनातच आलं नाही.

कुसुमजवळ तिची सासू राहायची. माई म्हणायचे सगळे. हडकुळ्या, नऊवारी नेसलेल्या, हातात सतत जपमाळ. मी खोलीत पाऊल टाकलं तर त्यांचा पहिला प्रश्न सुनेच्या तब्येतीचा नव्हता.

"आडनाव काय हो तुमचं, सिस्टर?"

मी सांगितलं. त्यांनी पाण्याचा तांब्या उचलून खिडकीकडं नेऊन ठेवला.  

दुसऱ्या दिवशी मी औंसांच्या खुणा असलेला वॉर्डाचा ग्लास घेऊन गेले तर माई म्हणाल्या, "तो नको हो. आमचं पाणी भाच्याच्या घरून येतं. राग मानू नका. ज्याचं त्याचं सोवळं असतं." राग मानू नका! आधी थोबाडीत मारायची आणि मग म्हणायचं, लागलं तर नाही ना?

मी मोठ्या डॉक्टरांकडं गेले. ते चष्मा पुसत म्हणाले, "वकीलसाहेब ट्रस्टींच्या ओळखीचे आहेत. जमवून घ्या." जमवून घ्या म्हणजे तुम्ही गिळा. मग मी बाजारातून तसाच नवा ग्लास माईंनाच आणवायला लावला, आठ औंसांचा. मी हात लावणार नाही, पाणी त्यांनी भरायचं. दिवसाला पाच ग्लास. घोट घोट पाजायचं, एकदम नाही. प्रत्येक ग्लासाला मला सांगायचं, मी दारात उभी राहून चार्टवर लिहीन.

गंमत बघा. कुसुमच्या लघवीचं भांडं उचलायला माझे हात चालत होते. ते मोजायला, धुवायला, घाम पुसायला, पाठीला पावडर लावायला चालत होते. पाण्याला तेवढे चालत नव्हते. ज्या चार्टवर माझी सही होती, त्याच्या डाव्या रकान्यातला एकही आकडा मी डोळ्यांनी पाहिलेला नव्हता. माई म्हणायच्या, "दिला हो एक," आणि मी आठ लिहायची.

आणि कुसुम? ती तर सुशिक्षित, मॅट्रिक झालेली पोरगी. मी नाडी बघायला जवळ जाऊ लागले की ती चादरीवरून हात जरा उचलायची आणि बोटं हलवायची, दूर, दूर. तोंडानं काही नाही. सासू तर जुन्या काळची होती, पण ही माझ्याच वयाची पोरगी मला हातानं हाकलते? माझ्या डोक्यात तिडीक गेली. नाडी दोन तासांनी बघायची होती, मी तासाला जायला लागले. कारण नसताना उशी सारखी करायची. कॉटला मुद्दाम टेकून उभी राहायची. घ्या म्हटलं, करा विटाळ!

चार्ट असा दिसत होता. आत चाळीस, बाहेर अठरा. आत चाळीस, बाहेर पंधरा. मग बारा. पायांवर येताना जी थोडी सूज होती ती मात्र उतरली. मोठे डॉक्टर कपाळाला आठ्या घालून म्हणाले, "पायावर नाही, बाहेर येत नाही, मग गेलं कुठं? आत साठतंय." वजन केलं असतं तर एका दिवसात उलगडा झाला असता. पण काटा होता खाली ओपीडीत, आणि ऑपरेशनच्या रोग्याला कॉटवरून उठवायचं नाही हा डॉक्टरांचाच हुकूम. सातव्या दिवशी त्यांनी सगळ्यांसमोर मला विचारलं, "सिस्टर, बेरीज येते ना? की तीही सवलतीत पास झालात?"

हाताखालच्या दोन पोरी हसल्या. माई जपमाळ ओढत राहिल्या. माझं रक्त उसळलं, आणि रागाच्या भरात मी म्हणाले, "बेरीज बरोबर आहे, साहेब. घरचे लोक चोरून पाणी पाजतात. मला ग्लासाला हात लावू देत नाहीत, मी काय करू?"

माई 'नाही हो, नाही' म्हणाल्या, पण डॉक्टरांना माझं पटलं. त्यांच्या अनुभवात तेच बसत होतं. त्यांनी पाच ग्लासांचे तीन केले आणि लघवी उतरवायचं पाऱ्याचं इंजेक्शन लिहिलं. ते मीच दिलं. कुसुमनं 'आई गं' म्हटलं, आणि माझ्याकडं असं पाहिलं की मी लगेच दुसरीकडं बघितलं.

नवव्या दिवशी सकाळी दुसरं इंजेक्शन द्यायचं होतं, अकरा वाजता. नऊच्या सुमारास आमची झाडूवाली गोदाबाई माझ्या टेबलाशी आली. ती मागचं आवार झाडायची.

"सिस्टरबाई, त्या तिसऱ्या खोलीत नळ लावला का व?"

"नाही. का?"

"मंग त्या खिडकीखाली हराळी काहून उगवून राह्यली? अख्खं आवार करपलं, अन् तिथं हिरवंगार. म्या दोन दिस पायलं. दिवसातून दोन-तीन खेपा पाणी येते वरून. तुमी खोलीतून निंगाल्या का लगेच येते."

मी म्हटलं, "मी निघाले की?"

"हो जी. तुमचा पाय भायेर, अन् पाणी खिडकीच्या भायेर."

मी उठले ते तशीच. वॉर्डाचा ग्लास कधी उचलला ते मला आठवत नाही. माई व्हरांड्यात भाच्याच्या घरून आलेली कळशी उतरवून घेत होत्या. मी सरळ कॉटजवळ गेले. कुसुमला म्हटलं, जीभ दाखव. चामड्यासारखी, मधोमध चिरलेली. हाताची कातडी चिमटीत धरून सोडली, तर ती तशीच उभी राहिली. डोळे खोल. हे मी नागपूरला पटकीच्या वॉर्डात शिकले होते, डोळे मिटून ओळखता यावं असं. नऊ दिवस मी त्या पोरीला रोज दहादा हात लावत होते आणि मला दिसलं नव्हतं, कारण मी तिच्या कातडीकडं बघतच नव्हते. मी माझ्या अपमानाकडं बघत होते.

"कुसुम, तुझं पाणी कुठं जातं?"

तिनं दाराकडं पाहिलं. मग पुटपुटली, "तुम्ही येऊन गेलात की उरलेलं फेकतात. विटाळ झाला म्हणून. आणि दुसरं देत नाहीत, डॉक्टरांनी पाचच सांगितले म्हणून."

"मग तू बोलली काहून नाहीस?" रागात माझी घरची बोली बाहेर पडली.

"बोलत होते ना. हातानं. रोज. दूर राहा, निदान माझं पिऊन होईपर्यंत तरी. तुमच्या चपलांचा आवाज आला की मी घटाघटा प्यायला बघायची, तर त्या ओरडायच्या, घोट घोट पी. आणि तुम्ही तर आणखीच जवळ यायला लागल्या."

 मी तिच्याजवळ जितक्यांदा गेले, तितक्यांदा तिच्या तोंडचं पाणी गेलं होतं. आणि जास्तीच्या खेपा मी सुडानं घातल्या होत्या.

वॉर्डाच्या माठातून मी ग्लास भरला. आठ औंस, खुणेपर्यंत. तिचं डोकं माझ्या कोपरावर घेतलं आणि ग्लास तिच्या ओठांना लावला. माई दारात आल्या आणि किंचाळल्या, "सूनबाई! थुंक ते!" कुसुमनं दोन्ही हातांनी ग्लास धरला. प्यायली. मध्ये थांबली, दम घेतला, परत प्यायली. मी तिला घाई केली नाही.

मग मी माईंकडं वळले. काय काय बोलले ते सगळं लिहिण्याजोगं नाही. त्या रडायला लागल्या. "मी एकही ग्लास जास्त दिला नाही हो. पाच म्हटलं, पाच भरले. तीन म्हटलं, तीन. देवाशपथ." आणि त्या खरं बोलत होत्या. हेच मला सहन होईना. त्यांनी डॉक्टरांचा नियम पाळला होता आणि आपलाही. दोन्ही काटेकोर, तिळमात्र चूक नाही. सून त्या दोन नियमांच्या मधे वाळत होती आणि त्यांना वाटत होतं आपण तिची सेवा करतोय.

अकराला मोठे डॉक्टर आले. इंजेक्शन ताटलीत भरून ठेवलेलं. मी म्हटलं, "हे देता येणार नाही. ती कोरडी पडलीय."

"चार्ट बघा, सिस्टर. आठवडाभर चाळीस आत गेलेत."

"चार्ट खोटा आहे."

"लिहिला कुणी?"

"मी."

 इथं मला थाप मारता आली असती. माईंवर ढकलता आलं असतं, आणि ते अर्धं खरंही होतं. पण खाली सही माझी होती. न पाहिलेलं मी पाहिल्यासारखं लिहिलं होतं, रोज. मी पेन काढलं आणि डाव्या रकान्यातले नऊच्या नऊ आकडे एकेक रेघ मारून खोडले. प्रत्येकाच्या पुढं लिहिलं, 'माहीत नाही.' नऊदा. खाली पुन्हा सही केली. डॉक्टरांनी कुसुमची जीभ पाहिली, कातडी ओढून पाहिली. बराच वेळ नाडी धरून उभे राहिले. मग ताटली माझ्या हातून घेतली आणि स्वतः बाहेर नेऊन ठेवली. "हळूहळू पाजा," एवढंच म्हणाले. माझ्याकडं बघितलं नाही.

पुढचे दिवस पाणी मीच पाजलं. माई व्हरांड्यात बसून जप करायच्या आणि आत यायच्या नाहीत. तिसऱ्या दिवशी उजव्या रकान्यात तीस लिहिलं तेव्हा मी आणि गोदाबाई दोघी हसलो. डोळ्यांची खळगी भरली, गोळ्यांचं प्रमाण बदललं, नाडी हाताला लागायला लागली. वेडीवाकडी, पण लागायला लागली. आठवड्याभरानं कुसुम स्वतःच्या पायांनी टांग्यापर्यंत गेली. ती जगली. अकोल्याला माझी बहीण त्याच भागात कामाला जायची, तिच्याकडून मला पुढं कितीतरी वर्षं कळत राहिलं.

आता वाचकांना वाटेल, झालं, शेवट गोड झाला. थांबा.

महिनाभरानं ट्रस्टच्या सेक्रेटरींचा मेमो आला, दोन पानी, टाइप केलेला. वकीलसाहेबांची लेखी तक्रार जोडलेली. मला मनातून बरंच वाटलं. म्हटलं, आला एकदाचा. नऊ दिवस खोटा चार्ट लिहिला, कुसुमच्या घरच्यांवर चोरून पाणी पाजल्याचा आळ घेतला, त्या आळावर तिचं पाणी तोडलं गेलं, आणि कोरड्या पडलेल्या रोग्याला माझ्या हातानं इंजेक्शन गेलं. याची शिक्षा मला हवी होती. द्या म्हटलं, मान खाली घालून घेते.

मेमो वाचला. त्यात चार्टचा उल्लेख नव्हता. खोडलेल्या आकड्यांचा नव्हता. इंजेक्शनचा नव्हता. आरोप एकच होता. रुग्णाच्या कुटुंबीयांची संमती नसताना, त्यांच्या धार्मिक भावनांची पायमल्ली करून, परिचारिकेनं रुग्णाला स्वतःच्या हातानं पाणी पाजलं. हे खरं आहे काय? असल्यास आपणास नोकरीवरून का काढू नये, याचा खुलासा तीन दिवसांत करावा.

मी मोठ्या डॉक्टरांकडं गेले. कातडी ओढून बघणारे तेच होते. त्यांनी मेमो वाचला, घडी घातली आणि परत दिला. "माफी लिहून द्या, सिस्टर. मी शब्द टाकतो. कशाला वाढवता?"

आम्हा सिस्टरांच्या वरच्या मेट्रननं तर माफीचा मसुदाच तयार ठेवला होता. 'अनवधानाने' असा शब्द होता त्यात. अनवधानानं! साऱ्या प्रकरणात शुद्धीवर राहून केलेली एवढी एकच तर गोष्ट होती.

त्या नऊ दिवसांबद्दल मला आजपर्यंत कुणी जाब विचारलेला नाही. विचारला असता तर माझ्याकडं उत्तर नव्हतं. ज्याबद्दल विचारला, त्याचं उत्तर मी तिथंच मेट्रनच्या टेबलावर उभ्यानं लिहिलं. दोन पानी मेमोला दोन ओळी.

'आरोप मान्य आहे. रुग्णास मी स्वतःच्या हाताने पाणी पाजले. आठ औंस.'